केळ्याच्या वासाचं एस्टर: शाळेच्या लॅबमध्ये बनवायचं कसं आणि मुख्य म्हणजे स्वच्छ करायचं कसं

मिश्रण उकळायला लागून दहा-पंधरा मिनिटं होतात न होतात तोच टेबलाच्या आसपास पिकल्या केळ्याचा हलकासा वास यायला लागतो आणि सगळ्यांना वाटतं झालं, बनलं, आता बाटलीत भरायचं. नाही. त्या वेळी फ्लास्कमध्ये पाच गोष्टी एकमेकांत मिसळून बसलेल्या असतात: तुम्हाला हवं ते एस्टर, उरलेलं ॲसिटिक ॲसिड, थोडं अल्कोहोल, सल्फ्युरिक ॲसिड आणि रिॲक्शनमध्ये तयार झालेलं पाणी. बनवायचं काम साधारण तासाभराचं, त्यातही निम्मा वेळ नुसतं बघत बसायचं. बाकी सगळी मेहनत या पाचांतल्या चौघांना बाहेर काढण्यात जाते, आणि मार्क असोत की उतारा (म्हणजे शेवटी हाती येणारा माल), दोन्ही तिथेच जातात.

तर आपण बनवणार आहोत आयसोॲमाइल ॲसिटेट. पहिल्यांदाच सेंद्रिय द्रव बनवणाऱ्यांसाठी मला हेच सगळ्यात बरं वाटतं. इथिल ॲसिटेट सोपं आहे असं सगळे म्हणतात पण ते ७७ अंशांलाच उकळतं, भराभर उडून जातं, पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, म्हणजे धुताना निम्मा माल सिंकमध्ये. आयसोॲमाइल ॲसिटेट १४२ अंशांना उकळतं, एक लिटर पाण्यात जेमतेम २ ग्रॅम विरघळतं आणि पाण्यावर व्यवस्थित तरंगतं, त्यामुळे नवख्या हातांना ते माफ करतं.

किती घ्यायचं, आणि ॲसिड जास्त का

आयसोॲमाइल अल्कोहोल १५ मिली, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड २० मिली, तीव्र सल्फ्युरिक ॲसिड ४ मिली. एवढंच.

आता हे आकडे पाठ करून सोडून देऊ नका, कारण पुढची सगळी साफसफाई याच आकड्यांवर उभी आहे. १५ मिली अल्कोहोल म्हणजे साधारण १२.२ ग्रॅम, म्हणजे ०.१३८ मोल. २० मिली ॲसिड म्हणजे २१ ग्रॅम, ०.३५ मोल. म्हणजे ॲसिड अडीचपट झालं. ही रिॲक्शन दोन्ही बाजूंना चालते, ॲसिड आणि अल्कोहोलपासून एस्टर आणि पाणी, आणि एस्टर-पाण्यापासून परत ॲसिड-अल्कोहोल. एमिल फिशर आणि आर्थर स्पायर यांनी १८९५ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हापासून ही अडचण तिच्यासोबत आहेच. समतोल स्थिरांक, म्हणजे रिॲक्शन कुठे येऊन थांबते ते सांगणारा आकडा, ४ च्या आसपास असतो, त्यामुळे दोन्ही सारख्या प्रमाणात घेतले तर ६७ टक्क्यांच्या पुढे गाडी सरकत नाही, कितीही तास उकळा. एक जण अडीचपट घेतला की हिशोब ८८ टक्क्यांपर्यंत जातो.

पण मग जास्त कोणाला घ्यायचं, ॲसिडला की अल्कोहोलला? हिशोबाने दोन्ही सारखंच. इथे खरी गंमत आहे. उरलेलं ॲसिटिक ॲसिड पाण्याने आणि सोड्याने (सोडियम बायकार्बोनेटने) धुऊन टाकता येतं, पाच मिनिटांचं काम. उरलेलं आयसोॲमाइल अल्कोहोल मात्र पाण्यात फारसं जात नाही, सोड्याला ते भीक घालत नाही, आणि उकळतं १३१-१३२ अंशांना म्हणजे एस्टरच्या फक्त दहा-अकरा अंश खाली, त्यामुळे डिस्टिलेशनमध्येही ते चिकटून येतं. म्हणून अल्कोहोल मोजकं आणि ॲसिड भरपूर, म्हणजे शेवटी जो उरणार आहे तो असा असावा ज्याला हाकलणं सोपं. कुठलाही सेंद्रिय पदार्थ बनवताना हा प्रश्न आधी विचारायची सवय लावून घ्या: जास्तीचा जो टाकतोय, तो नंतर निघणार कसा?

सल्फ्युरिक ॲसिड इथे उत्प्रेरक म्हणून आहे, शिवाय थोडं पाणीही शोषून घेतं.

सुरू करण्याआधी

गॉगल, लॅब कोट, ग्लोव्हज. केस बांधलेले. शिक्षक लॅबमध्ये हजर असल्याशिवाय हे करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो. ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड म्हणजे घरातलं व्हिनेगर नव्हे, कातडी भाजते आणि वाफ नाकात गेली तर डोळ्यातून पाणी काढते. सल्फ्युरिक तर विचारूच नका. आयसोॲमाइल अल्कोहोलची वाफ घशाला लागते, खोकला येतो. त्यामुळे तिन्ही बाटल्या फ्युम हूडमध्येच उघडायच्या, आणि हूड नसेल तर निदान खिडक्या उघड्या आणि पंखा चालू.

आणि बर्नर नको. एस्टरची वाफ २५ अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते म्हणजे खोलीच्या तापमानालाच. हीटिंग मँटल किंवा हॉटप्लेटवर ठेवलेला वाळूचा बाथ वापरा. वॉटर बाथ इथे चालत नाही कारण पाणी १०० च्या वर जाणार नाही आणि आपल्याला त्याहून जास्त लागतं.

काच तपासा. फ्लास्कला बारीक तडा, चांदणीसारखी रेघ असेल तर तो बाजूला. सगळी काच कोरडी हवी, विशेषतः शेवटच्या डिस्टिलेशनची, म्हणून ती सकाळीच धुऊन ओव्हनमध्ये टाकून ठेवा, नाहीतर ऐन वेळेला ओला कंडेन्सर (वाफ थंड करणारी काचेची नळी) हातात घेऊन उभे राहाल.

पहिली पायरी: मिसळणं

१०० मिलीचा गोल बुडाचा फ्लास्क घ्या आणि आधी मानेला क्लॅम्प लावून स्टँडवर पक्का करा, गोल बुड टेबलावर उभं राहत नाही हे पहिल्या दिवशी प्रत्येकालाच कळतं पण कोणाला ते अल्कोहोल सांडल्यावर कळतं. अल्कोहोल घाला, ॲसिटिक ॲसिड घाला, फ्लास्क बर्फाच्या पाण्यात अर्धा बुडवा आणि मग सल्फ्युरिक ॲसिड ड्रॉपरने थोडं थोडं, दर वेळी फ्लास्क गोल फिरवत. फिरवणं महत्त्वाचं. सल्फ्युरिक जड असतं, बुडाशी जाऊन बसतं, आणि तसंच तापवायला ठेवलं तर खाली अल्कोहोल जळून काळं पडतं आणि वर सगळं पांढरंच राहतं. नीट मिसळलं तर मिश्रण गरम होतं, थोडं पिवळट होतं, पुढे उकळताना तपकिरीकडे झुकतं, त्याने घाबरू नका.

आता बॉइलिंग चिप्स, म्हणजे चिनी मातीचे दोन-तीन बारीक तुकडे. हे थंड मिश्रणातच टाकायचे. विसरलात आणि गरम झाल्यावर आठवलं तर आधी उष्णता बंद, पूर्ण थंड होऊ द्या आणि मगच टाका. गरम द्रवात चिप टाकली की अडकून बसलेली सगळी वाफ एकदम सुटते आणि मिश्रण कंडेन्सरमधून वर कारंज्यासारखं येतं, त्यात सल्फ्युरिक ॲसिड आहे हे लक्षात घ्या. एकदा उकळून थंड झालेली चिप परत कामाची नसते, तिच्या छिद्रांत द्रव भरलेला असतो, पुढच्या वेळी नवीन टाकायची.

दुसरी पायरी: रिफ्लक्स

रिफ्लक्स म्हणजे मिश्रण उकळत ठेवायचं आणि वाफ थंड होऊन परत फ्लास्कमध्येच पडू द्यायची. फ्लास्कवर कंडेन्सर उभा बसवा. जॉइंटला ग्रीजचा अगदी पातळ हात. पाणी खालच्या नळीतून आत, वरच्या नळीतून बाहेर. उलटं लावलं तर कंडेन्सर पूर्ण भरत नाही, वरची बाजू कोरडी राहते आणि वाफ निसटते. नळ बोटाएवढ्या धारेने सोडला तरी पुरतो, जोरात सोडला की रबरी नळी सुटून अख्ख्या टेबलावर पाणी. या कंडेन्सरला सगळे लीबिगचा कंडेन्सर म्हणतात पण अशा रचनेचं वर्णन वायगेल नावाच्या जर्मन माणसाने १७७१ मध्येच केलं होतं, लीबिगने ते लोकप्रिय केलं एवढंच. असो.

कंडेन्सरचं वरचं तोंड उघडं ठेवायचं. बूच लावायचं नाही, कापूसही कोंबायचा नाही. बंद भांडं तापवलं की तो बॉम्बच. दर वर्षी कोणीतरी वास येतो म्हणून वर बूच लावायला जातं, आणि ते बघितल्यावर माझ्या पोटात गोळा येतो.

हळूहळू तापवा. थोड्या वेळाने वाफ वर चढताना दिसते, कंडेन्सरच्या आत ओलसर कडं तयार होतं आणि तिथून थेंब परत खाली पडायला लागतात. पहिला थेंब पडला की घड्याळ लावा, तिथून एक तास. ते ओलं कडं कंडेन्सरच्या खालच्या एक तृतीयांश भागातच राहिलं पाहिजे. अर्ध्याच्या वर चढलं तर उष्णता कमी करा, जास्त जोरात उकळून रिॲक्शन लवकर होत नाही, तापमान तर उकळबिंदूवरच अडकलेलं असतं, फक्त वास जास्त पसरतो. या तासाभरात वहीत नोंदी लिहून घ्या: किती वाजता सुरू, रंग कसा बदलला, चिप्स टाकल्या का. नंतर आठवून लिहिलेल्या नोंदी लगेच ओळखू येतात.

तास झाला की उष्णता बंद, मँटल खाली सरकवा, कंडेन्सरचं पाणी चालूच ठेवा आणि हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. पिरियड संपत आला असेल तर इथे थांबता येतं, फ्लास्क थंड झाल्यावर बूच लावून, नाव लिहून उद्यापर्यंत ठेवला तरी बिघडत नाही.

तिसरी पायरी: धुणं

इथे घाई करणारे हरतात.

थंड झालेलं मिश्रण सेपरेटिंग फनेलमध्ये (खाली तोटी असलेलं, थर वेगळे करायचं काचेचं भांडं) ओता, चिप्स आत जाऊ देऊ नका, त्या तोटीत अडकतात. त्याआधी तोटी बंद आहे ना हे बघा, आणि तरीही खाली एक बीकर ठेवाच. तोटी उघडी ठेवून ओतणं हा या प्रयोगातला सगळ्यात जुना अपघात आहे. ५० मिली थंड पाणी घाला, त्यातलंच थोडं पाणी आधी फ्लास्कमध्ये खळबळून घ्या. बूच लावा, बूच तळहाताने दाबून फनेल उलटा करा, तोटीचं टोक भिंतीकडे, कोणाच्याही तोंडाकडे नाही, आणि तोटी उघडून वाफ सोडा. मग हळू दोन-तीनदा उलटसुलट करा, परत वाफ सोडा. आपटल्यासारखं हलवू नका नाहीतर दोन्ही थर एकमेकांत घुसळून ताकासारखं पांढरं होऊन बसतं.

फनेल रिंगमध्ये ठेवा, बूच काढा, थांबा. बूच न काढता तोटी उघडली तर दोन थेंब येतात आणि थांबतं, मग मुलं तोटी बिघडली म्हणून तक्रार घेऊन येतात.

आता दोन थर दिसतील. एस्टरची घनता ०.८७ च्या आसपास, म्हणजे ते वर. पाणी, त्यात विरघळलेली दोन्ही ॲसिडं, ते खाली. पण मी सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका, तपासा: ड्रॉपरने एक-दोन थेंब पाणी वरून टाका आणि ते कुठे जातात ते बघा. वरचा थर ओलांडून खालच्यात जाऊन मिसळले तर खालचा थर पाण्याचा. पाच सेकंदांचं काम आहे आणि याने मला एकदा वाचवलं नाही कारण मी ते केलंच नव्हतं. पहिल्यांदा हा प्रयोग करताना खालचा थर नीट बीकरमध्ये जपून ठेवला आणि वरचा, म्हणजे माझं सगळं एस्टर, सिंकमध्ये ओतून दिलं, आणि मग अर्धा तास पाणी डिस्टिल करत बसलो, थर्मामीटर १०० च्या वर का जात नाही या विचारात. तेव्हापासून माझा नियम असा की शेवटचं वजन होईपर्यंत एकही थर टाकायचा नाही. प्रत्येक बीकरवर लेबल, पहिलं पाणी, दुसरं पाणी, सोडा एक, सोडा दोन. टेबल भरून जातं पण चूक झाली तर माल तिथेच कुठेतरी असतो.

पाण्याने अजून एकदा धुवा, २५ मिली पुरे.

थेट सोडाच का नाही वापरायचा, दोनदा पाण्याचा उद्योग कशाला, असं विचारणारे असतात आणि प्रश्न बरोबर आहे. हिशोब करा. रिॲक्शननंतर ॲसिटिक ॲसिड साधारण ०.२३ मोल उरलेलं असतं, ४ मिली सल्फ्युरिकमधून अजून ०.१४ मोल आम्ल येतं, एकूण ०.३७. प्रत्येक मोल आम्ल सोड्याबरोबर एक मोल कार्बन डायॉक्साइड सोडतं, आणि एक मोल वायू खोलीच्या तापमानाला सुमारे २४ लिटर जागा घेतो. म्हणजे जवळपास ९ लिटर वायू, तुमच्या सव्वाशे मिलीच्या बंद फनेलमध्ये. बूच छताला. पाणी आधी बहुतेक आम्ल घेऊन जातं, वायू न करता, गुपचूप.

आता सोडा. सोडियम बायकार्बोनेटचं ५ टक्क्यांचं द्रावण, २५ मिली. सुरुवातीला फनेलला बूच न लावताच घाला, काचेच्या कांडीने किंवा फनेल हलकेच गोल फिरवून बुडबुडे निघून जाऊ द्या, फसफस थांबली की मग बूच लावून एकदा उलटा आणि लगेच तोटी उघडा. फुस्स आवाज येतो. परत एकदा, परत फुस्स. आवाज येईनासा झाला की नीट हलवा. थर वेगळे झाले की खालचा काढा आणि त्याचा एक थेंब लाल लिटमसवर टाका. निळा झाला तर आम्ल संपलं. नाही झाला तर अजून २५ मिली. साधारण दोन किंवा तीन वेळा लागतं. २५ मिलीमध्ये सव्वा ग्रॅमच सोडा असतो, तो फक्त ०.०१५ मोल आम्ल मारतो, त्यामुळे आधीचं पाण्याचं धुणं उरकल्यासारखं केलं असेल तर इथे पाच-सहा वेळा करत बसावं लागतं.

कॉस्टिक सोडा वापरून एकदाच संपवू असा विचार मनात आला तर तो सोडून द्या. तो एस्टरलाच फोडतो, साबण बनवतानाची तीच रिॲक्शन, आणि तुम्ही तासभर खपून बनवलेलं परत अल्कोहोल होऊन बसतं, तेच अल्कोहोल ज्याला काढणं सगळ्यात अवघड.

आणि थोडं आम्ल राहिलं तर राहू दे, असंही नको. डिस्टिलेशनमध्ये ते तापतं आणि सल्फ्युरिकचा अंश असेल तर शेवटी फ्लास्कच्या बुडाशी सगळं काळं पडतं.

शेवटचं धुणं मिठाच्या संपृक्त पाण्याने, २० मिली. हे धुणं एस्टरमधून काही मळ काढण्यासाठी नसून पाणी काढण्यासाठी आहे. खारं पाणी एस्टरमध्ये विरघळलेलं पाणी स्वतःकडे ओढून घेतं, आणि खालचा थर जड झाल्यामुळे दोन्हींमधली सीमा रेघ मारल्यासारखी स्वच्छ होते. मधल्या धुण्यात ते ताकासारखं झालं असेल तर तेव्हाही थोडं मिठाचं पाणी टाकून, न हलवता दहा मिनिटं ठेवलं की बहुतेक वेळा सुटतं.

खालचा थर तोटीतून काढा, आणि एस्टर मात्र फनेलच्या वरच्या तोंडातून ओता. खालच्या नळीत पाण्याचे थेंब चिकटलेले असतात, तिथून काढलं तर ते सोबत येतात. फार छोटी गोष्ट आहे, पण दहातले आठ जण तोटीतूनच काढतात.

चौथी पायरी: वाळवणं

एस्टर कोरड्या शंकूच्या आकाराच्या फ्लास्कमध्ये घ्या. बघा, ते थोडं धुरकट दिसेल. त्यात निर्जल मॅग्नेशियम सल्फेट टाका, एक चमचाभर, साधारण २ ग्रॅम, आणि फिरवा. पहिली पूड गोळे होऊन बुडाला चिकटते कारण ती पाणी पीत असते. थोडी थोडी अजून टाकत राहा, जोपर्यंत नवीन टाकलेली पूड फिरवल्यावर मोकळी, हिमासारखी तरंगत नाही तोपर्यंत. मग बूच लावून पंधरा मिनिटं. द्रव काचेसारखा पारदर्शक झाला पाहिजे, मागे वही धरली तर अक्षरं नीट वाचता आली पाहिजेत. पूड डबाभर ओतू नका, ती एस्टरही धरून ठेवते, उतारा खाते.

कॅल्शियम क्लोराइड शाळेत सगळीकडे असतं आणि सायक्लोहेक्झीनसारख्या द्रवाला ते छान चालतं, पण ते अल्कोहोलला आणि काही प्रमाणात एस्टरलाही स्वतःला बांधून घेतं, म्हणून इथे नको. थांबायला सगळ्यात चांगली जागा हीच. बूच घट्ट लावून रात्रभर पुडीवर ठेवलं तर उलट चांगलंच.

पाचवी पायरी: डिस्टिलेशन

फनेलच्या मानेत कापसाचा छोटा बोळा ठेवून एस्टर गाळून कोरड्या ५० मिलीच्या गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये घ्या. पूड आत गेली तर ती गरम झाल्यावर धरलेलं पाणी परत सोडते आणि आधीची सगळी मेहनत वाया. नवीन बॉइलिंग चिप्स. फ्लास्क निम्म्यापेक्षा जास्त भरलेला नसावा.

आता थर्मामीटर, इथे बहुतेकांचं चुकतं. त्याचा फुगा द्रवात बुडवायचा नाही, आपल्याला वाफेचं तापमान हवंय. फुगा बाजूच्या नळीच्या तोंडाच्या किंचित खाली हवा, म्हणजे नळीकडे वळणारी वाफ त्याला पूर्ण भिजवून मगच जाईल. फुगा वर राहिला तर वाफ त्याला शिवतच नाही, आकडा कमी दिसतो, आणि तुम्ही १४२ ला येणारं चांगलं एस्टर १३० चं समजून फेकून देता.

खालच्या टोकाला जिथे द्रव गोळा करणार ते भांडं हवाबंद नको, कुठेतरी वाट मोकळी हवीच. दोन छोटे फ्लास्क आधी वजन करून, वजन वर लिहून तयार ठेवा.

तापवा. बराच वेळ काहीच होत नाही, मग वाफेची सीमा हळूहळू वर चढते, थर्मामीटर तीस-चाळीसवर निवांत असतो आणि एकदम धावतो. सुरुवातीचे थेंब पहिल्या फ्लास्कमध्ये. ९५ च्या आसपासच ढगाळ थेंब यायला लागले तर समजा वाळवणं नीट झालं नाही, पाणी आणि एस्टर जोडीने त्या तापमानाला येतात. असं झालं तर थांबा, थंड करा, सगळं एकत्र करून परत पुडीवर वाळवा, लाज वाटायचं कारण नाही.

सगळं बरोबर असेल तर पारा १३० च्या घरात पोचेल, १३५-१३६ पर्यंत जे येतं त्यात अल्कोहोल मिसळलेलं आहे, ते पहिल्या फ्लास्कमध्येच राहू द्या. मग दुसरा फ्लास्क, १३६ ते १४३ पर्यंत. हे तुमचं. दर सेकंदाला एखादा थेंब, त्याहून वेगात नाही, कारण हळू चाललं तरच जवळजवळ उकळणारे दोघं थोडे तरी वेगळे होतात. उंचावरच्या गावात हवेचा दाब कमी असतो तिथे हे सगळे आकडे काही अंश खाली सरकतात, त्यामुळे आकड्यापेक्षा पारा कुठे स्थिर राहतो ते बघा, एका जागी बराच वेळ टिकला की मुख्य माल चालू आहे.

फ्लास्क कोरडा होईपर्यंत तापवत बसू नका. एखाद-दोन मिली राहिलं की उष्णता बंद. कोरडी काच तापून तडकते.

किती मिळालं, आणि ते खरंच तेच आहे का

अल्कोहोल ०.१३८ मोल होतं, एस्टरचं मोलर वजन १३०.२, म्हणजे जास्तीत जास्त १७.९ ग्रॅम मिळू शकतं. समजा तुमच्याकडे ११.६ ग्रॅम आलं, तर ६५ टक्के, आणि पहिल्या वेळेसाठी ते उत्तम आहे. हिशोब ॲसिडवरून करू नका, ते मुद्दाम जास्त घेतलेलं आहे, कमी असतो त्याच्यावरूनच मोजायचं. ९५ टक्के आलं असेल तर अभिनंदन करण्याआधी बाटलीकडे नीट बघा, बहुतेक त्यात अल्कोहोल किंवा पाणी आहे.

शुद्धता बघायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. ५ मिली पिपेटने मोजून वजन करा, ४.३५ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. अल्कोहोल मिसळलं असेल तर वजन कमी भरेल, कारण त्याची घनता ०.८१. ओल्या निळ्या लिटमसवर थेंब टाका, लाल झाला तर आम्ल राहिलंय. आणि सगळ्यात साधी खूण म्हणजे मुख्य माल किती अंशांच्या पट्ट्यात आला: दोन-तीन अंशांत आला असेल तर मस्त, दहा अंशांत पसरला असेल तर परत एकदा डिस्टिल करा. शाळेत रिफ्रॅक्टोमीटर असेल तर २० अंशांना १.४०० दाखवायला हवा. वास मात्र पुरावा धरू नका, निम्मं अल्कोहोल असलेल्या मिश्रणालाही केळ्याचाच वास येतो, नाकाला हा वास फार थोड्यातही कळतो. आणि वास घ्यायचा तो हाताने वाफ नाकाकडे सारून, बाटलीत नाक खुपसून नाही. चाखून बघायचं तर अजिबातच नाही.

वासावरून एक. मधमाशी डंख मारते तेव्हा धोक्याची सूचना म्हणून जो वास सोडते त्यातला मुख्य पदार्थ हाच, आयसोॲमाइल ॲसिटेट; १९६२ मध्ये हे ओळखलं गेलं. त्यामुळे कोट, ग्लोव्हज, हात सगळं नीट धुतल्याशिवाय पोळ्याच्या आसपास फिरकू नका, हा विनोद नाही.

आवरताना: पाण्याचे थर एकत्र करून त्यात सोडा टाकत जा, फसफस थांबेपर्यंत, मग भरपूर पाण्यासोबत सिंकमध्ये चालतात. पण हे वजन झाल्यानंतरच. पहिला फ्लास्क आणि बुडाशी राहिलेलं एक-दोन मिली सेंद्रिय कचऱ्याच्या बाटलीत, सिंकमध्ये नाही, नाहीतर दोन दिवस अख्खा मजला केळ्याचा. जॉइंटचं ग्रीज टिशूने पुसून मगच काच धुवा. आणि बाटलीवर लेबल लावताना नुसतं एस्टर असं लिहू नका. पूर्ण नाव, वजन, कुठल्या अंशांत गोळा केलं ते आणि तारीख, कारण महिन्याभराने कपाटात अशा बिननावाच्या सात बाटल्या सापडतात आणि त्या सगळ्यांना केळ्याचाच वास येत असतो.